रंग ओला पोहोचला पाहिजे: नागपूरच्या उन्हाळ्यात एअरब्रश चालवताना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मनीषनगरला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहता. १/७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, प्लास्टिकचं मिग-२१ लढाऊ विमान हे एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या अवजाराने, रंगवायला घेतलेलं तुमचं पहिलंच किट. एप्रिलपासून तीनदा राखाडी रंग मारलात आणि तिन्ही वेळा पंखावरून बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. एअरब्रशच्या नोझलमधली सुई दर दोन मिनिटांनी चोंदते. रंग नीट निघत नाही म्हणून दाब वाढवत वाढवत ३५ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) नेलात. आता विचारताय, की हा एअरब्रश बाजूला ठेवून महागातला घ्यावा का. आणि शेवटच्या ओळीत, पुढचं मिग जुन्या चंदेरी रूपात करायचंय, ते कसं जमेल.

एअरब्रश बदलू नका. ०.३ मिलिमीटर नोझलचा, वर कप असलेला, डबल अॅक्शन ट्रिगरचा (दाबला की हवा, मागे ओढला की रंग) एअरब्रश तुमच्याकडे आहे. मीही बहुतेक काम तसल्याच एअरब्रशवर करतो. महागडा आणलात तरी मे महिन्यात दुपारी दोन वाजता तुमच्या खोलीत तोही असाच चोंदेल. तुमचा हातही बिघडलेला नाही. रंग प्लास्टिकपर्यंत पोहोचण्याआधी हवेतच वाळतोय, एवढंच घडतंय. खरखर, चोंदणं आणि दाब वाढवावासा वाटणं, तिन्ही त्यातूनच येतात.

ते कसं, हे नीट सांगतो, कारण एकदा हे डोक्यात बसलं की बाकीचे उपाय तुमचे तुम्हालाच सुचतील. नोझलमधून रंग बाहेर पडतो तो अतिशय बारीक थेंबांच्या रूपात. थेंब जितका बारीक तितका आतल्या द्रवाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणजे थिनर उडून जायला जागा जास्त. नागपूरच्या मे महिन्यात खोलीत ४० अंश असतात आणि दुपारी माझ्या टेबलावरचा आर्द्रता मोजायचा काटा कूलर बंद असला की वीस टक्क्यांच्या खाली उतरतो. अशा हवेत दहा-बारा सेंटिमीटर अंतर कापताना थेंबातलं बहुतेक थिनर उडून जातं आणि पंखावर पडते ती सुकी भुकटी. ती पसरत नाही, सपाट होत नाही, नुसती चिकटून बसते. सुईच्या टोकावरही तेच होतं. तिथे रंगाचा कण वाळतो, त्यावर दुसरा बसतो आणि धार तुटते.

आता दाबाकडे या. दाब वाढवला की थेंब आणखी बारीक होतात आणि त्यांच्यासोबत कोरडी, गरम हवाही जास्त येते. म्हणजे ज्याने बिघडतंय तेच तुम्ही वाढवत नेलंत. धार तुटली की पहिला हात दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरकडे जाणं स्वाभाविक आहे. माझ्याकडे रविवारी शिकायला येणारी मुलंही तेच करतात. "काका, रंग निघूनच नाही राहिला," म्हणतात आणि रेग्युलेटर फिरवतात. दाब खाली आणा. मी हिवाळ्यात १८-२० पीएसआयवर काम करतो, उन्हाळ्यात १२ ते १५ वर. आणि हा आकडा ट्रिगर दाबून, हवा वाहत असताना वाचा. बंद असताना २० दिसणारा काटा हवा सुटल्यावर १५ वर येऊ शकतो, आणि कामाचा आकडा तोच.

मात्र आकड्यांच्या मागे लागू नका. पाहायची असते ती चमक. करून पाहण्यासाठी आइस्क्रीमवाल्याकडचे काळे प्लास्टिकचे चमचे डझनभर घेऊन ठेवा. टेबलावर ट्यूबलाइट अशी असू द्या की तिचं प्रतिबिंब चमच्याच्या फुगीर पाठीवर एका रेघेसारखं दिसेल. पाच-सहा सेंटिमीटरवरून, हात सरकता ठेवून एक फवारा मारा आणि लगेच त्या रेघेकडे पाहा. रंग ओला पोहोचला असेल तर रेघ जिथे रंग पडला तिथेही दिसत राहते, थोडी अंधूक, पण सलग. दोन-तीन सेकंद टिकते, मग कडेकडून आत मिटत जाते आणि मॅट रंग उरतो. रेघ फवारा पडताक्षणीच विस्कटली, तिच्या जागी पिठासारखं दिसलं, तर रंग सुका पोहोचतोय: जवळ जा, दाब कमी करा किंवा थिनर वाढवा. रेघ पाच-सहा सेकंद तशीच राहिली आणि खालच्या कडेला थेंब जमू लागला तर रंग फार ओला आहे: हात वेगाने फिरवा. मी २३ वर्षं किट बनवतोय, तरी बसायच्या आधी दोन चमचे रंगवल्याशिवाय विमानाला हात लावत नाही, कारण नागपूरची हवा काल होती तशी आज नसते.

थिनरचं प्रमाण कोणत्या जातीचा रंग आहे त्यावर ठरतं, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून तिन्ही जाती सांगतो.

तामिया कंपनीच्या एक्सएफ मालिकेतल्या बाटल्या असतील तर तो अल्कोहोलवर चालणारा अॅक्रिलिक आहे. एरवी रंग आणि थिनर निम्मे-निम्मे चालतात. मे महिन्यात मी एक भाग रंगाला दोन भाग थिनर घेतो आणि तामियाच्या साध्या अॅक्रिलिक थिनरऐवजी मिस्टर कलर या दुसऱ्या ब्रँडचं लेव्हलिंग थिनर वापरतो. त्यात रंग सावकाश वाळवणारा घटक, म्हणजे रिटार्डर, आधीच असतो, त्यामुळे थेंबाला पसरायला वेळ मिळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वस्त पडतं आणि हिवाळ्यात ठीक आहे, पण उन्हाळ्यात ते इतक्या झपाट्याने उडतं की खरखर हमखास येते. तुम्ही तेच वापरत असाल अशी मला दाट शंका आहे. वेगळा रिटार्डर घालायचा तर थेंब मोजून, मिश्रणाच्या दहा टक्क्यांच्या वर नको. जास्त झाला तर रंग दिवसभर चिकट राहतो आणि कूलरची सगळी धूळ धरतो.

मिस्टर कलरसारखा लॅकर, म्हणजे कडक थिनरवरचा रंग, असेल तर लेव्हलिंग थिनर रंगाच्या दुप्पट घाला, बाकी कसलीच चिंता नाही. माझ्या मते आपल्या हवेला सगळ्यात मानवणारा रंग हाच. पण त्याची वाफ कडक असते, त्याबद्दल पुढे लिहितो.

आणि वायेहोसारखा पाण्यावरचा अॅक्रिलिक असेल तर त्यात अल्कोहोल किंवा लॅकर थिनर चुकूनही घालू नका. कपातच त्याचं दही होतं आणि मग नोझल उघडून साफ करण्यात संध्याकाळ जाते. त्याला त्याचंच थिनर आणि फ्लो इम्प्रूव्हर (रंग सहज वाहता ठेवणारं द्रव) लागतं. सुईच्या टोकावर हा रंग सगळ्यात जास्त वाळतो, म्हणून शेजारी क्लीनरमध्ये बुडवलेला मऊ ब्रश ठेवा आणि दर मिनिटा-दीड मिनिटाने टोक पुसा. उन्हाळ्यात हा रंग मी मुख्य कामाला घेत नाही, कॉकपिट वगैरे हाताने रंगवायला ठेवतो.

इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एनसी थिनर आपण सगळेच आणतो. एअरब्रश धुवायला ते उत्तम आहे. रंगात मात्र घालू नका. ते फार लवकर उडतं, डब्याडब्याला वेगळं निघतं आणि उघड्या प्लास्टिकला खातं. १/७२ वरच्या केसाएवढ्या पॅनल रेषा, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या बारीक खाचा, त्याने भरून गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता वेळ. खरं सांगायचं तर वरचे सगळे उपाय एका बाजूला आणि घड्याळ दुसऱ्या बाजूला. तुम्ही ऑफिसातून आल्यावर रात्री आठ-नऊला रंगवता, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. वरच्या मजल्यावर ती चुकीची वेळ आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खाली सोडत असतो, भिंतीला हात लावून पाहा. आपल्याकडे मेमध्ये सगळ्यात थंड आणि त्यातल्या त्यात दमट वेळ पहाटेची. साडेपाचच्या आसपास सूर्य उगवतो, सात-साडेसातनंतर ऊन चढतं. त्या दोन तासांत जे निघतं ते संध्याकाळच्या चार तासांत निघत नाही. मी आदल्या रात्री मास्किंग टेप लावून, रंग गाळून, चमचे काढून ठेवतो आणि सकाळी चहाच्या आधी बसतो. मेअखेरच्या नवतप्याच्या, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या, नऊ दिवसांत तर मी एअरब्रश उचलतच नाही. कापणं, जोडणं, घासणं, कॉकपिट रंगवणं, ही कामं त्या दिवसांसाठी राखून ठेवतो.

कूलरचं मुद्दाम सांगतो, कारण परदेशी व्हिडिओंत ते कुणी सांगणार नाही. कूलरने खोलीतली आर्द्रता वाढते आणि तापमान उतरतं, म्हणजे रंगासाठी दोन्ही चांगलं. पण वुडवूलच्या ताट्यांतून तुसं आणि धूळ उडते आणि ओल्या रंगावर बसते. माझी रीत अशी: तासभर आधी कूलर लावून खोली गार करायची, फवारताना त्याचा वेग सगळ्यात कमी ठेवायचा आणि तोंड टेबलापासून वळवायचं. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती कुठून तरी बाहेर जाणारच. समोरच्या भिंतीची खिडकी उघडून स्प्रे बूथ (वाफ ओढून घेणारा पंख्याचा खोका) तिथे ठेवला तर रंगाची वाफही त्याच वाटेने बाहेर पडते. एसी असेल तर नेमकं उलटं: हवा गार पण कोरडी, खोली बंद आणि वाफ आत कोंडलेली. एसी लावून, दारं-खिडक्या बंद करून लॅकर कधीही मारू नका.

मास्कबद्दल माझं मत ठाम आहे. नवीन एअरब्रशसाठी बाजूला काढलेल्या पैशातून आधी सेंद्रिय वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला रबरी मास्क घ्या. कापडी किंवा धुळीचा मास्क रंगाचे कण थोडेफार अडवेल, थिनरची वाफ अजिबात नाही. पाण्यावरचा रंग असला तरी त्याचे बारीक कण फुप्फुसात जातातच, त्यामुळे "माझा रंग वास न येणारा आहे" हे कारण चालणार नाही. काम झालं की मास्क घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, उघड्यावर कार्ट्रिजमधला वाफ शोषणारा कोळसा आपोआप खर्ची पडतो. थिनरची बाटली गॅस आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब असू द्या, आणि रंग गार राहावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका. गळणारी वाफ बंद फ्रिजमध्ये साठणं धोक्याचं आहे. उन्हात न येणाऱ्या भिंतीलगतचं खालचं कपाट पुरतं.

इथवरचं थोडक्यात: पहाटे बसा, १२-१५ पीएसआय, पाच-सहा सेंटिमीटर अंतर, सावकाश वाळणारं थिनर जास्त, तीन-चार पातळ थर आणि प्रत्येक थराला डोळ्यांना दिसणारी ओली चमक. एवढं करूनही धार तुटली तरच एअरब्रशवर संशय घ्या. सुई मागून काढा, टोक नखावर टेकवून हलकेच फिरवा. वाकडं असेल तर नखाला टोचतं, रेघ उमटते. तशी असेल तर नुसती सुई बदला.

उष्णतेचा त्रास रंगापुरता नाही. प्लास्टिक जोडायचं पातळ एक्स्ट्रा थिन सिमेंट उन्हाळ्यात फटीत शिरायच्या आधी उडतं. त्यामुळे मिगच्या धडासारखे लांब जोड वरवर चिकटल्यासारखे दिसतात आणि घासताना उकलतात. मे महिन्यात मी लांब जोडांना जरा दाट, सावकाश वाळणारं सिमेंट लावतो आणि तीन-तीन सेंटिमीटर करत पुढे जातो. २०१३ च्या मेमध्ये, ज्या वर्षी नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता, मी पंख जोडून, रबरबँड ताणून बसवलेलं एक विमान मित्राला दाखवायला स्कूटरच्या डिक्कीत ठेवून सीताबर्डीला गेलो. स्कूटर तीन तास उन्हात होती. परत आलो तेव्हा रबरबँडच्या ओढीने दोन्ही पंखांची टोकं वर वळली होती. किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिन, मऊ पडायला शंभर अंशांच्या आसपास लागतात, पण ताण असेल तर त्याच्या बऱ्याच आधी ते वाकतं. चार महिन्यांचं काम होतं. तेव्हापासून उन्हाळ्यात किटची पेटी फक्त मांडीवर, रिक्षाने.

तुमच्या हातातल्या मिगचं काय करायचं ते बोटांना विचारा. खरखर हलकी असेल तर २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, दोन बोटांनी अगदी अलगद फिरवा आणि त्यावर एक ओला थर द्या. पण तुम्ही तीन थर दिलेत आणि १/७२ वर मिगची लांबी जेमतेम २० सेंटिमीटर. इतक्या लहान पृष्ठभागावर तीन सुके थर बसले असतील तर पॅनल रेषा अर्ध्या भरल्या असणार. घासाल तर उरलेल्याही जातील. माझा सल्ला, रंग काढून टाका. तामियाचा अॅक्रिलिक असेल तर ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून, जुन्या मऊ टूथब्रशने घासत निघतो. अल्कोहोल इथेच कामाचं. कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरची पारदर्शक काच, आधी टेपने पूर्ण झाका. लॅकर थिनरने काढायला जाऊ नका, रंगासोबत प्लास्टिकही सुटेल.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, त्यानंतर हे किट घेतलंत असं तुम्ही लिहिलंय. १९६३ पासून ६२ वर्षं आपल्या हवाई दलात राहिलेलं विमान. त्याच्यासाठी दोन पहाटे खर्च करून रंग काढायला हरकत नसावी.

जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की आपल्याकडे सगळं उलटं होतं, तेही माहीत असू द्या, नाहीतर मेचा उपाय जुलैत कराल. दमट हवेत लॅकर किंवा वार्निश मारलं की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि रंग दुधाळ पांढरा दिसतो. जुलैतल्या एका संध्याकाळी मी तयार झालेल्या नॅट या लढाऊ विमानाच्या किटवर शेवटचा मॅट थर दिला आणि दहा मिनिटांत हिरवं-राखाडी विमान धुक्यातून पाहिल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी, ऊन पडलेलं असताना, नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा मारला, त्याने वरचा थर पुन्हा ओला झाला, अडकलेलं पाणी निघून गेलं आणि रंग परत आला. पावसाळ्यात थिनर कमी, थर जास्तच पातळ आणि दोन थरांमध्ये दुप्पट वेळ. कॉम्प्रेसरला टाकी असेल तर खालचा नळ प्रत्येक वेळी काम संपल्यावर उघडा. पावसाळ्यात त्यातून किती पाणी निघतं ते एकदा वाटीत धरून पाहा. मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी बाटली) नसेल तर तेच पाणी एक दिवस थेंबाच्या रूपात तुमच्या पंखावर येईल.

राहिला चंदेरी मिगचा प्रश्न. सुरुवातीची मिगं उघड्या धातूच्या रंगात होती आणि ते रूप फार देखणं दिसतं, म्हणून तुमचा मोह समजतो. पण धातूचा रंग खालचं काहीच लपवत नाही. त्याच्याखाली चकचकीत काळा रंग लागतो, आणि तो काचेइतका गुळगुळीत हवा. एक कण, एक तूस, जरा खरखर, सगळं चांदीत दुप्पट होऊन दिसतं. असा काळा थर नागपुरात मेमध्ये जवळजवळ अशक्य आणि ऑगस्टमध्ये जिकिरीचा. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी, सकाळी नऊ ते अकरा, हवा कोरडी पण गार: आपल्या गावात एअरब्रशसाठी याच्याहून चांगले दिवस नाहीत. तोवर हे राखाडी मिग पुरं करा आणि चमच्यांवर काळा रंग मारत राहा. ज्या दिवशी चमच्याच्या पाठीवर ट्यूबलाइटची रेघ वाळल्यानंतरही धारदार, न मोडलेली दिसेल, त्या दिवशी दुसऱ्या मिगची पेटी उघडा.